बॅकगॅमनचं सॉफ्टवेअर: फुकटचं पुरतं की विकतचं लागतं?

मार्च २०२५ मध्ये संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांना जाहीर झाला. यंत्राने स्वतःच्या अनुभवातून, चुकतमाकत कसं शिकावं, याची गणिती बैठक या दोघांनी घातली. पुरस्काराच्या निमित्ताने बुद्धिबळ आणि गो या खेळांची आठवण पुष्कळांनी काढली. पण या शिकण्याने माणसाच्या बरोबरीची मजल पहिल्यांदा मारली ती बॅकगॅमनमध्ये, १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्या प्रयोगाच्या वाटेवरून पुढे आलेली सॉफ्टवेअरं आज कुणाच्याही लॅपटॉपवर चालतात. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं फुकटचं म्हणजे ग्नू बॅकगॅमन, आणि सगळ्यात नावाजलेलं विकतचं म्हणजे एक्स्ट्रीम गॅमन. या दुसऱ्याला सगळे एक्सजी म्हणतात आणि त्याची किंमत बरीच वर्षं साठ डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे आपले पाच हजारांच्या वर रुपये.

हा खेळ मनापासून खेळणाऱ्याला कधी ना कधी प्रश्न पडतो, की हे पैसे घालावेत का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. अचूक उत्तरासाठी पैसे घालायची गरज बहुतेकांना नाही. पैसे घालायचे ते वेळ वाचावा म्हणून, आणि जगभरचे खेळाडू ज्या मापात बोलतात ते माप आपल्याही हाती असावं म्हणून. असं का म्हणतो, ते कळायला ही यंत्रं आतून काय करतात हे आधी पाहावं लागेल.

## खेळाची तोंडओळख

फाशांचं वेड आपल्याला नवं नाही. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती फासे खेळताना कोरलेले आहेत, आणि सारीपाट तर घरोघर होता. बॅकगॅमन हा मात्र वेगळा खेळ. तुर्कस्तानात तो तावला म्हणून आणि इराणात तख्ते नर्द म्हणून खेळला जातो. आखाती देशांत नोकरी केलेल्या अनेकांनी तो चहाच्या दुकानांत पाहिलेला असतो.

पटावर चोवीस घरं, प्रत्येकाच्या १५ सोंगट्या, दोन फासे. आपल्या सगळ्या सोंगट्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या आणि मग पटाबाहेर काढायच्या. जो आधी मोकळा झाला तो जिंकला. वाटेत कुठे एकटी सोंगटी सापडली तर ती मारता येते, आणि मेलेल्या सोंगटीला पहिल्यापासून प्रवास करावा लागतो. हरणाऱ्याची एकही सोंगटी बाहेर निघाली नसेल तर डाव दुप्पट मोजतात. त्याला गॅमन म्हणतात.

याच्या जोडीला एक तिसरा फासा असतो, दुपटीचा. त्यावर २, ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे असतात. आपण पुढे आहोत असं वाटलं की दान टाकण्याआधी तो समोरच्याकडे सरकवायचा: ‘डाव दुप्पट, खेळतोस की सोडतोस?’ १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये ही पद्धत सुरू झाली आणि खेळाचा स्वभावच बदलला. आज दोन बरोबरीच्या खेळाडूंमधला फरक बऱ्याचदा सोंगट्यांपेक्षा या फाशावर ठरतो.

## सॉफ्टवेअर नेमकं सांगतं काय?

सगळ्या सॉफ्टवेअरांच्या मुळाशी एकच संकल्पना आहे, इक्विटी. हीच स्थिती अगणित वेळा शेवटपर्यंत खेळली, तर आपल्याला दर डावामागे सरासरी किती गुण मिळतील, तो आकडा म्हणजे इक्विटी. हमखास साधा विजय असेल तर +१, हमखास साधी हार असेल तर −१, आणि अगदी तुल्यबळ स्थिती असेल तर शून्य.

हा आकडा किती उपयोगाचा आहे ते दुपटीच्या फाशावरून चटकन दिसतं. समोरच्याने दुप्पट देऊ केलं. सोडलं तर एक गुण गेला, म्हणजे इक्विटी −१. स्वीकारलं, आणि आपल्याला जिंकायची शक्यता २५ टक्के असली, तर शंभरातले २५ डाव दोन-दोन गुणांनी जिंकू, ७५ डाव दोन-दोन गुणांनी हरू. सरासरी काढा: पुन्हा −१. म्हणजे २५ टक्के ही सीमारेषा झाली. त्याहून जास्त शक्यता असेल तर, स्थिती कितीही वाईट दिसली तरी, डाव सोडणं महागात पडतं. प्रत्यक्षात गॅमनच्या धोक्याने ही रेषा वर सरकते आणि फासा आता आपल्या ताब्यात आहे या फायद्याने थोडी खाली येते. पण मूळ हिशेब हाच.

आता सॉफ्टवेअरचं काम स्पष्ट होतं. तुम्ही खेळलात त्या चालीची इक्विटी आणि सर्वोत्तम चालीची इक्विटी यांतला फरक म्हणजे तुमची चूक. तुमचं दान वाईट पडलं की तुम्ही वाईट खेळलात, हे दोन्ही हिशेब ते वेगवेगळे दाखवतं. फाशांच्या खेळात याहून मोलाची मदत नाही, कारण नशीब आणि कसब माणसाच्या आठवणीत नेहमी एकमेकांत मिसळून जातात.

## यंत्र हे शिकलं कुठून?

१९७९ च्या जुलैत माँटे कार्लोमध्ये हान्स बर्लिनर यांच्या ‘बीकेजी ९.८’ या प्रोग्रॅमने तेव्हाचा जगज्जेता लुइजी व्हिला याला ७–१ असं हरवलं. कोणत्याही पटावरच्या खेळात जगज्जेता यंत्राकडून हरायची ती पहिली वेळ. पण नंतर डाव तपासले तेव्हा व्हिलाच सरस खेळला होता असं दिसलं. यंत्राची दानं चांगली पडली होती. ‘अमुक सॉफ्टवेअरने तमुक खेळाडूला हरवलं’ अशा जाहिराती वाचताना हा सामना आठवावा. एका सामन्यावरून ताकद कळत नाही.

बर्लिनर यांच्या प्रोग्रॅमला माणसांनी नियम शिकवले होते. आयबीएममधल्या जेराल्ड टेसारो यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या सुरुवातीच्या ‘टीडी-गॅमन’ला फक्त खेळाचे नियम ठाऊक होते. चाल चांगली की वाईट, हे त्याने स्वतःशीच डाव खेळून शोधायचं होतं. डावात पुढे गेल्यावर अंदाज बदलला, की आधीचा अंदाज त्या दिशेने थोडा सरकवायचा, एवढीच युक्ती, आणि ती सटन यांची. अंदाज साठवून ठेवणाऱ्या आकड्यांच्या जाळ्याला न्यूरल नेटवर्क म्हणतात. सुरुवातीला ते जाळं निव्वळ यादृच्छिक होतं. १५ लाख डावांनंतर त्याची २.१ ही आवृत्ती बिल रॉबर्टी या माजी जगज्जेत्याशी ४० डाव खेळली आणि एकूण हिशेबात फक्त एका गुणाने मागे राहिली.

मला याहून महत्त्वाची वाटते ती नंतरची गोष्ट. पहिल्याच दानात ४-१ पडलं तर जुने जाणते खेळाडू आपली एक सोंगटी मुद्दाम पाचव्या घरात (घरं शेवटाकडून मोजतात) एकटी ठेवत. ती वाचली तर पुढच्या दानाला ते मोक्याचं घर पक्कं होई. न वाचण्याची शक्यता ३६ पैकी १५. टीडी-गॅमनला हा धोका परवडत नव्हता. ते मागच्या दोन सोंगट्या फोडायचं, म्हणजे त्यातली एक एका घराने पुढे न्यायचं, आणि चाराने एक सोंगटी १३ व्या घरातून ९ व्या घरात आणायचं. तज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं आणि यंत्राचं म्हणणं मान्य केलं. जगभरचं प्रारंभाचं शास्त्र बदललं.

तिथून पुढची वंशावळ झरझर सांगतो. नॉर्वेच्या फ्रेडरिक डाल यांचं जेलीफिश १९९४ च्या सुमारास आलं. मग आलं स्नोई, ज्याची व्यावसायिक आवृत्ती काहीशे डॉलरला विकली जायची. त्याच काळात गॅरी वाँग यांनी ग्नू बॅकगॅमनची सुरुवात केली. त्यात पुढे अनेक देशांतल्या हौशी गणितज्ञांनी आणि प्रोग्रॅमरनी भर घातली. त्याचा सगळा कोड खुला आहे. कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. २००९ मध्ये झाव्हिए दुफूर द सित्र यांचं एक्स्ट्रीम गॅमन आलं, २०११ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, आणि काही वर्षांत स्पर्धांमधल्या खेळाडूंचं ते नेहमीचं हत्यार झालं. जर्मनीच्या फ्रँक बर्गर यांचं बीजीब्लिट्झ हेही विकतचं आणि तगडं आहे. पण खरी निवड ग्नू आणि एक्सजी या दोघांतच होते.

## नजर आणि तराजू

बॅकगॅमनमध्ये शक्य असलेल्या स्थितींची संख्या १८ वर १८ शून्यं, त्याहूनही थोडी जास्त भरते. प्रत्येकीचं उत्तर साठवून ठेवणं अशक्य. डावाच्या अगदी शेवटी मात्र ते शक्य होतं. १५ सोंगट्या आपल्या सहा घरांत किंवा पटाबाहेर असण्याचे प्रकार फक्त ५४,२६४ आहेत. त्यामुळे तिथे सॉफ्टवेअर तयार तक्ते वाचतं. बाकी सगळीकडे त्याला अंदाज करावा लागतो, आणि तो अंदाज दोन रीतींनी होतो.

बाजारात मुरलेला भाजीवाला वांगी हातात धरूनच वजन सांगतो, आणि बहुतेकदा बरोबर सांगतो. न्यूरल नेटवर्कची पहिली नजर अशी असते. स्थिती पाहिली की क्षणात आकडा. पण गिऱ्हाईकाने शंका काढली की भाजीवाला तराजू काढतो. सॉफ्टवेअरचा तराजू म्हणजे रोलआऊट.

रोलआऊटमध्ये ती स्थिती खरोखर पुन्हा पुन्हा खेळली जाते, दोन्ही बाजूंनी यंत्रच खेळतं, आणि निकालांची सरासरी काढली जाते. नेहमीचा आकडा १,२९६ डावांचा. तो असाच निवडलेला नाही. दोन फाशांची ३६ दानं असतात. पहिल्या दोन दानांच्या जोड्या ३६ गुणिले ३६, म्हणजे १,२९६. एवढे डाव खेळले की प्रत्येक जोडीला सारखा न्याय देता येतो.

तरी नशीब उरतंच. नुसती सरासरी काढली तर १,२९६ डावांनंतरही उत्तरात काही शतांशांची अनिश्चितता राहील, आणि ज्या चुका मोजायच्या त्याही तेवढ्याच असतात. म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक दानापाशी हिशेब ठेवतं, की हे दान सरासरीपेक्षा किती भाग्याचं होतं, आणि तेवढं भाग्य निकालातून वजा करतं. या एका युक्तीने थोडक्या डावांत कितीतरी पक्कं उत्तर मिळतं. अनिश्चितता आणखी निम्मी करायची असेल तर डाव चौपट लागतात. म्हणून रोलआऊट अचूक असतात आणि वेळखाऊही.

नजर आणि तराजू यांच्या मधली पायरी म्हणजे प्लाय. आपल्या चालीनंतर एक दान पुढे जाऊन पाहणं, म्हणजे समोरच्याची वेगवेगळी २१ दानं (१-२ आणि २-१ एकच धरून) आणि प्रत्येकावरचं त्याचं उत्तम उत्तर. दोन दानं पुढे म्हणजे २१ गुणिले २१, ४४१ शक्यता. इथे एक घोळ हमखास होतो. ग्नू बॅकगॅमन नुसत्या नजरेला ० प्लाय म्हणतं, एक्सजी त्यालाच १ प्लाय म्हणतं. त्यामुळे ग्नूचं २ प्लाय आणि एक्सजीचं ३ प्लाय एकाच खोलीचं आहे. आकडा मोठा म्हणून एक्सजी जास्त खोल विचार करतं असं समजू नये.

## ‘फुकट आहे म्हणजे कच्चं असणारच’

ही शंका सगळ्यात आधी येते, आणि तिचं उत्तर सरळ आहे. दोन्ही यंत्रं कोणत्याही माणसापेक्षा चांगली खेळतात. दोघांत तुलना केली तर एक्सजी सरस आहे. मायकेल डेप्रेली यांनी २०१२ मध्ये केलेल्या बॉटच्या, म्हणजे खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, तुलनेतही तेच दिसलं होतं. प्रश्न आहे तो किती सरस, आणि तेवढ्या फरकाने तुमच्या अभ्यासात काय बदलतं.

डावाच्या बहुसंख्य चालींवर दोघांचं एकमत असतं. मतभेद होतात ते जिथे दोन चाली एकमेकींना अगदी चिकटून असतात, काही सहस्रांशांच्या फरकाने. पहिल्या दानात २-१ पडलं तर एकटी सोंगटी पाचव्या घरात ठेवायची की मागच्या फोडायच्या, हा असाच प्रश्न. इथे कुणी काहीही खेळलं तरी नुकसान नगण्य. शिकणाऱ्याचे गुण जातात ते दशांशांच्या चुकांमध्ये: देता येत असताना दुप्पट न देणं, घेता येण्याजोगा डाव सोडणं, धोका पत्करायला हवा तिथे घाबरून मागे सरणं. असल्या चुका फुकटचं यंत्र तितक्याच स्पष्टपणे पकडतं.

दोघांची नजर अडखळते अशा जागा आहेत. समोरच्याच्या घरात दोन ठिकाणी ठाण मांडून उशिरापर्यंत वाट पाहायची, अशा डावांत, किंवा दोन्हीकडे लांब भिंती उभ्या राहिल्या की, नुसत्या नजरेचा आकडा फसवा निघू शकतो. अशा स्थिती शिकण्याच्या डावांत कमीच येतात. रोलआऊटनेही तिथे पूर्ण खात्री होत नाही, कारण खेळणारं यंत्र तेच असतं. उच्च पातळीवर खेळणाऱ्याला या जागी एक्सजीचा फायदा खरा आहे.

## मग पैसे कशाचे?

माझ्या मते सगळ्यात मोठा भाग वेळेचा. एक्सजीमध्ये रोलर, रोलर प्लस आणि रोलर प्लस प्लस नावाच्या पातळ्या आहेत. आतून तो छोटासा, लवकर आवरता घेतलेला रोलआऊट असतो. पूर्ण रोलआऊटला जिथे कित्येक मिनिटं लागतील, तिथे ही पातळी थोड्या वेळात जवळपास त्याच तोडीचं उत्तर देते. एका सामन्यात संशयास्पद चाली डझनभर निघाल्या आणि असे सामने आठवड्याला चार असले, तर हा फरक तासांत मोजावा लागतो.

दुसरा भाग मांडणीचा. खेळलेला सामना पटावर भराभर नोंदवणं, सामन्यांचा साठा ठेवणं, गेल्या सहा महिन्यांत दुपटीच्या चुका कमी झाल्या की वाढल्या हे पाहणं, एखाद्या ठरावीक प्रकारच्या स्थिती वेगळ्या काढणं: हे सगळं एक्सजीमध्ये हाताशी आहे. ग्नू बॅकगॅमनमध्ये यातलं बरंच होतं, पण शोधावं लागतं. त्याचा चेहरामोहरा जुन्या वळणाचा आहे आणि खिडक्या-मेनू यांची सवय व्हायला वेळ जातो.

त्याच्या बदल्यात ग्नू जे देतं तेही लहान नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालतं. डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर तर नेहमीच्या पॅकेजसारखं एका आज्ञेत बसतं. एक्सजीची मुख्य आवृत्ती फक्त विंडोजची आहे. मॅकवाल्यांना त्यासाठी वेगळी सोय करावी लागते आणि तिचा खर्च कधी कधी सॉफ्टवेअरच्या किमतीवर जातो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर ग्नूकडून शेकडो सामने एका रात्रीत तपासून घेणारी छोटी स्क्रिप्ट लिहिता येते. आणि त्यातलं ‘टेम्परेचर मॅप’ हे दृश्य मला शिकवणीसाठी फार मोलाचं वाटतं. सहा बाय सहाच्या चौकटीत प्रत्येक दानानंतर तुमची इक्विटी काय होईल ते रंगांनी दिसतं. एखादी चाल का चांगली, याचं कारण यंत्र शब्दांत सांगत नाही, पण कोणत्या दानांवर आपण कोसळतो हे त्या रंगांत वाचता येतं.

## एकच खेळ, दोन मापं

गंभीर खेळाडू भेटले की पहिला प्रश्न असतो, ‘तुझा पीआर किती?’ परफॉर्मन्स रेटिंग हे एक्सजीने रूढ केलेलं माप. जिथे खरोखर निवड करावी लागली अशा प्रत्येक निर्णयामागे तुम्ही सरासरी किती इक्विटी गमावली, त्याला ५०० ने गुणायचं. आकडा जितका लहान तितका खेळ चांगला. दर निर्णयामागे सरासरी ०.०२० गमावत असाल तर पीआर १०. पाचच्या खाली सातत्याने राहणारा खेळाडू जागतिक दर्जाचा मानला जातो.

ग्नू बॅकगॅमनही असाच आकडा देतं, पण १,००० ने गुणून. तोच खेळाडू तिथे २० दिसतो. पहिल्यांदा ग्नू उघडणारे इथे हमखास दचकतात. साधारण निम्मं केलं की पीआरच्या जवळचा आकडा मिळतो. दुपटीचे कोणते निर्णय मोजायचे याचे दोघांचे नियम अगदी एकसारखे नसल्यामुळे तो तंतोतंत जुळणार नाही, पण आपली प्रगती पाहायला पुरतो. मात्र स्पर्धेत, शिकवणीत किंवा चर्चेत पीआरचा दाखला द्यायचा असेल, तर तो एक्सजीचाच धरला जातो. अशा ठिकाणी पैसे मापाचे असतात आणि ते योग्य आहेत.

स्थितींच्या देवाणघेवाणीत मात्र अडचण फारशी नाही. एक्सजीमधली कोणतीही स्थिती अक्षरांच्या एका ओळीत लिहिता येते, तिला एक्सजीआयडी म्हणतात. ती ओळ ग्नूमध्ये चिकटवली की तोच पट समोर उभा राहतो. सामन्यांसाठी जेलीफिशच्या काळापासूनची ‘मॅट’ ही फाईल दोघांनाही वाचता येते. म्हणजे आज ग्नूवर सुरुवात केली आणि वर्षभराने एक्सजी घेतलं तरी जुनी मेहनत वाया जात नाही.

## ‘यंत्र फासे लबाडीने टाकतं’

बॅकगॅमनच्या प्रत्येक सॉफ्टवेअरवर हा आरोप होतो. समोरच्याला नेमकं हवं ते दान पडतं, आपल्याला पडत नाही. याचं अर्धं उत्तर खेळातच आहे. चांगला खेळाडू आपल्या सोंगट्या अशा मांडतो की पुष्कळ दानं त्याच्या कामाची ठरतात. मग त्याला ‘नेहमी’ चांगलं दान पडताना दिसतं.

उरलेलं उत्तर तपासून घेता येतं. ग्नू बॅकगॅमन दानं काढण्यासाठी सहसा मर्सेन ट्विस्टर नावाची नामांकित पद्धत वापरतं. तिचा कोड सगळ्यांसमोर आहे, आणि सुरुवातीचा बीजांक स्वतः ठरवला तर दानांचा तोच क्रम पुन्हा काढून पाहता येतो. तरी मन मानत नसेल, तर ग्नू आणि एक्सजी दोन्हींत खरे फासे हातांनी टाकून आकडे भरायची सोय आहे. तसं खेळा. यंत्र तेवढंच मारतं.

## यंत्राची चाल माणसासमोर चालते का?

ही शंका मला जास्त खोल वाटते. इक्विटीचा आकडा असं धरून चालतो की पुढचा सगळा डाव दोन्ही बाजू यंत्रासारख्या खेळतील. समोर भित्रा खेळाडू असेल, जो दुप्पट दिली की डाव सोडतो, तर पुस्तकापेक्षा थोडी आधी दुप्पट देणं फायद्याचं ठरू शकतं. हे दोन्ही सॉफ्टवेअरांना ठाऊक नसतं. पण अशा फेरफारासाठी आधी मूळ उत्तर माहीत हवं. मूळ माहीत नसताना केलेला फेरफार बहुतेकदा आपलीच चूक असते.

यंत्राशी खेळताना ‘सोपी पातळी’ निवडणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ग्नूच्या खालच्या पातळ्या मुद्दाम बिघडवलेल्या आहेत, नजरेच्या आकड्यात गडबड मिसळून. नवशिक्या माणूस चुकतो त्या चुका वेगळ्या असतात. त्यामुळे जिंकण्याच्या समाधानापलीकडे तिथे शिकण्यासारखं थोडं. किमान ‘एक्स्पर्ट’ पातळीवर खेळा, आणि हरलात तरी डाव संपल्यावर विश्लेषण बघा.

## फोनवरची ॲप्स

एक्सजीची मोबाईल आवृत्ती संगणकाच्या आवृत्तीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे आणि बस-लोकलमध्ये सराव करायला उत्तम. त्याखेरीज दुकानात बॅकगॅमनची असंख्य फुकट ॲप्स सापडतात. त्यातली बरीचशी करमणुकीची आहेत. एखादं ॲप अभ्यासाला चालेल का, हे ओळखायला तीन गोष्टी पाहा: चूक किती मोठी हा आकडा इक्विटीत दिसतो का, हवी ती स्थिती मांडून विचारता येते का, आणि खेळलेला सामना बाहेर काढता येतो का. तिन्ही नसतील तर ते मनाला विरंगुळा देईल, खेळ सुधारणार नाही. जाहिराती काढायला त्याला पैसे देण्यापेक्षा तेच पैसे एक्सजीसाठी बाजूला ठेवावेत.

## कुणी कधी घ्यावं

नियम आणि प्रारंभाच्या चाली येतात, पण दुपटीचे निर्णय अजून अंदाजाने होतात, अशा खेळाडूने ग्नू बॅकगॅमन उतरवावं आणि वर्षभर दुसरं काही पाहू नये. विश्लेषण ‘वर्ल्ड क्लास’ पातळीवर ठेवावं, म्हणजे ग्नूचं २ प्लाय. साध्या लॅपटॉपलाही ते झेपतं. दर सामन्यातल्या सगळ्या चुका पाहत बसू नये. ग्नू ०.०८० च्या वरच्या चुकांना वाईट आणि ०.१६० च्या वरच्यांना फार वाईट अशी खूण करतं. सुरुवातीला फक्त या दुसऱ्या प्रकारच्या चुका घ्याव्यात, आणि उत्तर उघडण्याआधी प्रत्येक ठिकाणी स्वतः कारण लिहून काढावं. रोलआऊट क्वचितच लागेल. एवढ्या मोठ्या फरकावर तराजूही तेच सांगतो.

आठवड्याला काही सामने नोंदवून तपासायची सवय लागली, पीआर दहाच्या खाली उतरू लागला, बाहेरच्या स्पर्धांत उतरायचा विचार सुरू झाला, की एक्सजी घ्यावं. या टप्प्यावर तुमच्या चुका लहान झालेल्या असतात, त्या पकडायला बारीक माप लागतं, आणि तपासायच्या स्थिती इतक्या असतात की वाचलेला प्रत्येक तास उपयोगी पडतो. खर्च एकदाच होतो. स्नोईच्या काळात याच कामासाठी कित्येक पट मोजावे लागत.

घरी फक्त मॅक किंवा लिनक्स असेल, तर केवळ एक्सजीसाठी विंडोजचा संगणक घेऊ नये. ग्नूवर शंका आलेल्या मोजक्या स्थितींचा रोलआऊट रात्री लावून ठेवावा. सकाळपर्यंत मिळणारं उत्तर, एखाद-दुसरी आडवळणाची स्थिती सोडली, तर कोणत्याही विकतच्या उत्तराइतकंच भरवशाचं असतं.